डावं चाक बसलंय

मामांना विमानातलं सगळं कळत होतं अशातला भाग नाही. इंजिनाबद्दल कुणी काही विचारलं की ते सरळ हात वर करायचे. "ते वरच्या मजल्यावरच्या लोकांचं काम, आपण तळमजल्याचे भाडेकरू," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांचा सगळा संसार चाकांचा. चाकं, चाकांचे पोलादी पाय, उडाल्यावर ते पाय पोटात दुमडून घेणारी यंत्रणा आणि खाली आल्यावर त्यांना ताठ अडकवून ठेवणारा खटका. हँगरच्या कोपऱ्यात, ग्रीसने काळ्या पडलेल्या बाकापाशी त्यांची उभी हयात गेली. स्वतः विमानात बसून उडायची वेळ क्वचित आली, आणि आली तेव्हा त्यांना मळमळलं. लोक हसले तर हसू देत, असा त्यांचा खाक्या होता.

त्या कोपऱ्याची स्वतःची एक बोली झाली होती. पाय खाली आला, खटका खट्‌कन जागेवर पडला, आता वरून हत्ती नाचला तरी पाय दुमडत नाही अशी खात्री पटली, की मामा म्हणायचे, "बसलं." त्यांच्या हाताखालचे कामगारही तेच म्हणायचे. कुणी नट आवळला, बसलं. कुणाचं काम साहेबांना पसंत पडलं, बसलं. शब्द तसा बेभरवशाचाच. घडी बसते, जम बसतो, तसा घसाही बसतो आणि धंदाही बसतो. पण हँगरमध्ये त्याला एकच अर्थ होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

घरी मात्र या शब्दाने एकदा मामींच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मुलीच्या लग्नाची बोलणी करून मामा परत आले आणि दारातच चपला काढता काढता म्हणाले, "बसलं एकदाचं." मामींनी कपाळाला हात लावला. "अहो, काय बसलं? मोडलं का?" मामांना कळेना की ही बाई आनंदाच्या बातमीवर डोळे का पुसतेय. पुढे कितीतरी दिवस मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा सांगायच्या आणि मामा पेपरात तोंड खुपसून बसायचे.

तसे ते खरे मामा एकाचेच. बहिणीच्या मुलाचे. बहीण शाळेत गणित शिकवायची. मुलगा लहान असतानाच तिचा नवरा गेला, तेव्हापासून भाच्याचं अर्धं घर मामांकडे. तो वैमानिक झाला, विमानं बनवणाऱ्या याच कंपनीत लागला, सगळ्यांदेखत "मामा, मामा" अशा हाका मारू लागला, आणि बघता बघता साहेबांपासून गेटवरच्या रखवालदारापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणू लागले.

बहिणीने मुलाला उडताना कधी पाहिलं नाही. मैदानावर ती पाऊल ठेवायची नाही. भाचा नवं विमान घेऊन वर जायचा तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. तो खाली आला की मामा फोन लावायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उतरला." ती "बरं" म्हणायची आणि वर्गावर जायची. यापलीकडे या विषयावर भावाबहिणीत कधी बोलणं झालं नाही, कारण बोलायला गेलं तर ती रडली असती आणि मामांनाही ते झेपलं नसतं.

त्या दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं. कंपनीचं नवं छोटं विमान कुणीतरी मोठी मंडळी घाऊक घेणार होती आणि घेण्याआधी ते डोळ्यांनी उडताना बघणार होती. धावपट्टीच्या कडेला कापडी मांडव टाकला होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातले होते. साहेब सकाळपासून टायची गाठ सारखी करत होते. नेहमीचा टॉवरवाला नेमका तापाने फणफणला होता, म्हणून मोठ्या विमानतळावरून एक बाई बदली आल्या होत्या. कामाला चोख, आवाज स्वच्छ, बोलणं मोजकं. मामांनी त्यांना वॉकीटॉकीवरून नमस्कार केला आणि "ताई, काही लागलं तर मी खाली पट्टीशी उभा आहे," असं सांगितलं. भाच्याशी विमानातल्या रेडिओवरून फक्त टॉवर बोलू शकत होता. मामांचं यंत्र टॉवरपुरतंच होतं.

भाचा उडाला. मांडवावरून सरळ वर गेला, वळला, एका बाजूवर कलून पाहुण्यांना विमानाचं पोट दाखवून गेला. टाळ्या पडल्या. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे डोळे चाकांच्या झडपांवर होते.

उतरायच्या वेळी भाच्याने चाकं खाली घेतली आणि टॉवरला कळवलं की डाव्या चाकाचा हिरवा दिवा लागत नाही. पाय ताठ झाला, खटका पडला, की दिवा लागतो. दिवा नाही याचा अर्थ एक तर पाय नीट अडकला नाही, नाहीतर दिव्याचंच काहीतरी बिघडलं. आत बसलेल्याला यातलं खरं काय ते कळायला मार्ग नसतो.

"मामा," ताईंचा आवाज आला, "विमान पट्टीवरून अगदी खालून न्यायला सांगते. डावं चाक बघून सांगा."

मामांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बीण हलू नये म्हणून त्यांनी कोपर पट्टीशी उभ्या असलेल्या आगीच्या बंबाच्या बॉनेटवर टेकवला. विमान घोंघावत डोक्यावरून गेलं. डावा पाय मामांना स्वच्छ दिसला. सरळ, ताठ, मागची दांडी सरळ रेषेत, खटका त्याच्या खाचेत. मामांच्या छातीवरचं ओझं उतरलं. दिवाच गेलाय, दुसरं काही नाही.

"ताई," ते म्हणाले, "डावं चाक बसलंय."

"बसलंय? नक्की?"

"नक्की म्हणजे काय! पक्कं बसलंय. आता जागचं हलत नाही ते."

"बरं. बाकीची दोन?"

"ती ठीक आहेत."

"समजलं," ताई म्हणाल्या.

त्यांना खरोखरच समजलं होतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला गाडीचं चाक बसलंय म्हटलं की जे समजतं, तेच: चाक गेलं. एक बसलंय आणि बाकीची ठीक आहेत, म्हणजे आणखी काय? शिवाय ऐकलेले शब्द तसेच पुढे ढकलायचे नाहीत, अर्थ घ्यायचा आणि नेमक्या भाषेत सांगायचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांनी भाच्याला कळवलं, "डावं चाक निकामी. जमिनीवरून खात्री केली आहे." ताईंनी मामांचा शब्द जसाच्या तसा पोचवला असता तर भाचा हसला असता आणि गुमान उतरला असता. पण त्यांनी आपलं काम चोख केलं, आणि मामांनी आपलं. यात दोष कुणाच्या पदरात घालायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

एका चाकाने दगा दिलेल्या विमानाला दोन चाकांवर उतरवणं म्हणजे कोलांटीला आमंत्रण. त्यापेक्षा सगळीच चाकं पोटात घेऊन पोटावर घसरत उतरणं बरं. विमानाचं नुकसान होतं, माणूस वाचतो. भाच्याने तेच ठरवलं. लांबवर, झाडांच्या पलीकडे वळताना त्याने तिन्ही चाकं वर घेतली.

मामांना हे दिसलं नाही. ते तेव्हा मांडवात होते. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं आणि ते पाहुण्यांना घाम पुसत सांगत होते की काळजीचं काही कारण नाही, हे आमचे मामा, यांनी स्वतः पाहिलंय. मामा मान डोलावत होते. "दिवा गेलाय हो, बाकी काही नाही," त्यांनी सांगितलं, आणि एका पाहुण्याने त्यांच्या हातात चहाचा कपसुद्धा दिला.

तेवढ्यात बंब हलला. पट्टीवर फेस सोडत पुढे जाऊ लागला. मामांना वाटलं, खबरदारी म्हणून असेल. ताई नवीन आहेत, पुस्तकाप्रमाणे वागतायत. ते कप घेऊन मांडवाबाहेर आले आणि त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

विमान समोरून येत होतं. खाली, सरळ, पट्टीच्या रेषेत. आणि त्याच्या पोटाखाली काहीच नव्हतं.

कप कुठे पडला ते मामांना कळलं नाही. वॉकीटॉकी तोंडाशी धरून ते ओरडले, "ताई, चाकं वर आहेत त्याची! चाकं वर आहेत!"

"माहीत आहे. पोटावर उतरवतोय. डावं निकामी आहे ना."

"कोण म्हणालं निकामी?"

"तुम्हीच म्हणालात. बसलंय म्हणून."

आपल्या तोंडातून गेलेला शब्द वाटेत कुठे आणि कसा उलटला ते मामांना त्या क्षणी लख्ख दिसलं. विमान कुंपणावर आलं होतं. आता खरं तर एकच सांगायला हवं होतं, "वर जा." वर जा, एक चक्कर मार, शांतपणे चाकं खाली घे आणि ये. नाहीतर तोंड मिटून गप्प राहायला हवं होतं, म्हणजे पोरगा फेसावरून घसरत गेला असता आणि पत्र्याच्या चुराड्यातून कपडे झटकत बाहेर आला असता. पण मामा चाकांचा माणूस. जीव घाबरला आणि तोंडात चाकच आलं.

"चांगलं आहे ते!" ते जीव तोडून ओरडले. "चांगलं आहे! चाकं खाली घ्यायला सांगा! खाली! खाली घ्या!"

ओरडताना त्यांचं बोट बटणावरच दाबलेलं राहिलं, त्यामुळे ताईंना उलट काही विचारता आलं नाही. आणि मघाशी आपण शब्द बदलला या विचाराने ताईंचं आता धाबं दणाणलं होतं. या वेळी त्यांनी एक अक्षरसुद्धा बदललं नाही. "मामा सांगतायत, डावं चांगलं आहे. चाकं खाली घ्या."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भाच्याने कदाचित ऐकलं नसतं. मामा सांगतायत म्हटल्यावर त्याने चाकांचा दांडा ओढला.

झडपा उघडल्या. पाय बाहेर पडू लागले. मामा एकटक बघत होते आणि पुटपुटत होते, "चल, चल, चल, ये बाबा, ये." उजवा पाय खाली आला. पुढचा आला. डावा निम्म्यावर होता, लोंबकळत, खटक्यापासून वीतभर लांब, तेव्हाच जमीन आली.

आधी उजवं चाक टेकलं. मग विमान डावीकडे झुकलं आणि अर्धवट पाय काडीसारखा मोडला. पंख पट्टीला घासला, ठिणग्या उडाल्या, सगळं विमान स्वतःभोवती गरकन फिरलं, फेस सोडून बाजूच्या गवतात घुसलं आणि पुढचं तोंड मातीत खुपसून उभं राहिलं. पंख्याची पाती वाकडी झाली. मग आवाज थांबला. मांडवात कुणीतरी किंचाळलं, ते त्या शांततेत फार मोठ्याने ऐकू आलं.

मामा धावले. या वयात कसले धावणार, पण धावले. बंब त्यांच्या आधी पोचला होता. बंबवाल्यांनी फेसाचा मारा केला, दार तोडलं. भाचा शुद्धीवर होता. चेहरा पांढरा फटक. समोरचा सगळा पत्रा आत सरकून त्याच्या उजव्या पायावर बसला होता आणि ओढलं की तो गुरासारखा ओरडत होता.

"ओढू नका," मामा म्हणाले. ते फेसात पालथे झोपले, सीटच्या खाली हात घातला, चाचपडत रुळाची खीळ शोधली. ती वाकली होती. मामांनी ती खिळखिळी केली, हिसका दिला, बोटाची सालटी निघाली. सीट कुरकुरत मागे सरकली आणि पाय मोकळा झाला. भाच्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याची मान कलली. मामांना वाटलं, संपलं. त्यांनी त्याच्या मानेवर बोटं ठेवली, पण स्वतःचीच छाती इतकी धडधडत होती की त्यांना काहीच कळेना. शेवटी बंबवाल्यानेच त्यांना बाजूला केलं आणि सांगितलं, "नाडी आहे, मामा. सोडा त्याला."

रुग्णवाहिकेतून त्यांनी बहिणीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला आणि नेहमीच्या शब्दाची वाट बघत थांबली. मामांना "उतरला" म्हणता येईना. तेवढ्यानेच ती काय ते समजली.

"दादा?" ती म्हणाली. "दादा, बोल."

"जिवंत आहे," मामा म्हणाले. मग दवाखान्याचं नाव सांगितलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर लोखंडी बाक होतं. मामा त्यावर बसले, अंगावर वाळलेला फेस, नखांत माती. ताईही आल्या होत्या. त्या मामांपासून थोड्या दूर, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मी पुन्हा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"विचारलंत की. मीच पक्कं म्हणालो." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "तेवढी चूक निस्तरता आली असती, ताई. पोटावर उतरला असता, हसत बाहेर आला असता. नंतरचं मी केलं. वर जा म्हणायचं, तर मी चाकं खाली म्हणालो. आयुष्यभर चाकं, चाकं, चाकं. दुसरं काही सुचलंच नाही."

ताई रडू लागल्या. मामांनी बाकावर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.

बहीण आली. मुलांच्या वह्या भरलेली पिशवी अजून खांद्याला होती. ती धापा टाकत होती, पण रडत नव्हती. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की जिवाचा धोका टळलाय. पाय वाचेल, मात्र पूर्वीसारखा होईल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही. मामांनी ते तिला सांगितलं. मग उभे राहून म्हणाले, "हे माझ्यामुळे..."

"थांब." तिने त्यांचा दंड धरला. धरला म्हणजे अक्षरशः बोटं रुतवली. "मला काही सांगू नकोस. खाली दवाखान्याच्या दारात मैदानावरचे लोक भेटले मला, काहीबाही बोलत होते. मी ऐकलं नाही. नवरा गेला, पोराचं हे असं झालं. मला भाऊ एकच आहे, दादा, तो तरी मला राहू दे. आत्ता सांगू नकोस, पुढेही कधी सांगू नकोस. आणि त्याला तर मुळीच नाही."

मामांनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. बहीण स्वतःच दार लावून घेतेय, मग आपण कशाला ठोठावायचं?

दिवस मावळायच्या सुमारास भाच्याला शुद्ध आली. दोघांनाही आत सोडलं. खोलीत औषधाचा वास होता. पाय वर टांगलेला, तोंडाला कोरड. बहीण उशाशी खुर्चीवर बसली. तिने ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले. मामा पायथ्याशी उभे राहिले.

भाचा छताकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा."

"काय रे?"

"माझा हात उशिरा पडला, नाही का? तू चाकं खाली सांगितलंस आणि मी दांडा ओढायला वेळ लावला. मला कळतंय ते. मी तेवढा घुटमळलो नसतो तर डावं लागलं असतं." त्याने उजवा हात चादरीवरून थोडा उचलला. हात कापत होता. "आता या हातावर माझाच भरवसा नाही. पाय बरा झाला तरी मी काय उडणार?"

बहिणीने मान वळवून मामांकडे पाहिलं. नजरेत सरळ सरळ विनवणी होती. होतं असं कधीकधी, एवढं म्हणायचं आणि पोराच्या केसांवरून हात फिरवायचा. कुणी काही विचारणार नव्हतं. मामांचे ओठ हललेही तसं म्हणायला. पण ते त्या कापणाऱ्या हाताकडे बघत राहिले, आणि त्यांना ते जमेना.

"नाही रे," ते म्हणाले. "तुझा हात वेळेवर होता. मी बघत होतो ना. मी सांगितलं आणि लगेच झडपा उघडल्या, मध्ये श्वास घेण्याएवढासुद्धा वेळ गेला नाही. मीच चुकीचं सांगितलं. चाक पहिल्यापासून ठीक होतं, ते ताईंना नीट सांगता आलं नाही मला. आणि मग वर जा म्हणायचं सोडून तुला चाकं खाली घ्यायला लावली. कुणीही असता, जगातला कितीही मोठा वैमानिक असता, तरी ते चाक लागलं नसतं. पायाची ही दशा मी केली."

भाच्याने हात डोळ्यांसमोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, पण चेहरा मघापेक्षा सैल झाला होता.

"म्हणजे हात ठीक होता," तो म्हणाला.

"अगदी ठीक होता."

बहीण उठली. तिने खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून ती पलीकडच्या बाजूला नेली आणि मामांकडे पाठ करून मुलाच्या केसांतून हात फिरवू लागली. मामा दारापर्यंत गेले, पण बाहेर पडले नाहीत.